आडवा हातोडा

लोहाराच्या भट्टीवर बोलत बसायला सवड नसते. लोखंड लाल आहे तोवरच ते आपलं, काळवंडलं की मग बापाचंही ऐकत नाही. म्हणून कामाच्या वेळी लोहार तोंडाने बोलत नाही, हातोड्याने बोलतो. डाव्या हातात सांडशी, सांडशीत नांगराचा तापलेला फाळ, उजव्या हातात लहान हातोडा. हातोडा जिथे टेकेल तिथे समोरच्याने घण घालायचा. हळू टेकला तर हळू, जोरात टेकला तर अंगातलं सगळं बळ काढून. आणि हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की थांबायचं. का, कशाला, असं विचारायचं नाही. विचारेपर्यंत लोखंड थंड होतं.

या लोहारासमोर घण घालायची ती त्याची बायको. त्याआधी तिची आई तिच्या बापासमोर घालायची. आईचा खांदा गेला तेव्हा घण लेकीच्या हातात आला. बापाला मुलगा नव्हता. त्याने जाताना ऐरण, भट्टी, पुढचं छप्पर आणि मागच्या दोन खोल्या लेकीच्या नावावर केल्या आणि जावयाला घरात घेतलं. गावात घरजावयाला काय मान असतो ते सांगायला नको. लोक तोंडावर ‘मिस्त्री’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘सासऱ्याच्या ऐरणीवर पोसलेला’. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण कान बंद केले तरी मन कुठे बंद करता येतं?

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने एकदा हातोडा उशिरा आडवा केला होता. घण वर गेलेला, खाली लोखंड नाही. तिने मारला तो सरळ उघड्या ऐरणीवर. घण उसळला आणि हाताला अशा मुंग्या आल्या की नंतर कितीतरी दिवस तिला पाण्याचा तांब्या धरवेना. तेव्हा म्हातारी दारातून जावयाला म्हणाली होती, “हातोडा आडवा करायचा तो घण वर जाण्याआधी, जावईबापू. एकदा वर गेला की तो माझ्या लेकीच्याही हातातला राहत नाही.” तेव्हापासून त्याचा हातोडा कधी चुकला नाही. निदान भट्टीवर तरी नाही.

पेरण्यांच्या आधीचे दिवस होते. हे दिवस म्हणजे लोहाराचा हंगाम, वर्षाचं पोट या दिवसांवर. छपराखाली फाळ, कुदळी, विळे, पहारी यांचा ढीग पडलेला. वारा कोरडा, धूळ भट्टीपर्यंत यायची, घामाला चिकटायची आणि संध्याकाळी दोघंही एकाच मातीची भांडी वाटायची. आणि नेमकी याच वेळी आमदारकीची निवडणूक लागली.

निवडणुकीला भाऊ उभे होते. भाऊ म्हणजे गावच्या धान्याच्या गोदामाचे चेअरमन, पांढरेशुभ्र कपडे, हात कायम जोडलेले. मधे गोदामाची तपासणी झाली तेव्हा पोत्यांची थप्पी बाहेरून छतापर्यंत भरलेली आणि आतून पोकळ निघाली. आत माणूस पाय पसरून झोपेल एवढी जागा. त्यावरून भाऊंवर केस झाली. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. भाऊंनी उलट तोंडच पुढे केलं.

“मिस्त्री, डबे पाहिजेत,” म्हणत एक दिवस भोंगा आला. याला आईबापाने ठेवलेलं नाव आता कुणाला आठवत नाही. प्रचाराच्या गाडीत माइक धरून बसायचा म्हणून भोंगा, आणि माइक नसला तरी आवाज तोच. त्याने पत्र्याचे तावच्या ताव छपराखाली टाकले. “वर फट पाहिजे, बाजूला कुलपाची कडी. घरोघर एक. लढाईचा निधी. भाऊंवर खोटी केस टाकलीय, आता वकील लागणार, गाड्या लागणार. लोकांचा माणूस लोकांच्याच पैशावर लढणार.”

समोर न्हाव्याचं दुकान. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवता फिरवता म्हणाला, “म्हणजे धान्य त्याने खायचं आणि डबा आम्ही भरायचा?”

“पुरावा आहे का तुझ्याकडे?”

“थप्पी पोकळ निघाली, तो पुरावा नाही तर काय नक्षीकाम होतं?”

“तुमच्या लोकांनी रात्री पोती काढली असतील.”

“हो, आणि जाताना माझ्याच डोक्यावर ठेवली. बघ, त्यानेच टक्कल पडलंय.”

गिऱ्हाईक हसलं आणि त्याला वस्तरा लागता लागता राहिला. भोंगा काही हसला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असल्या माणसांमुळेच देश मागे आहे, असं काहीसं म्हणत तो लोहाराकडे वळला. “पैशाचं काय ते भाऊ बघतील मिस्त्री. पण तुम्ही काय पैसे घेणार आहात होय?”

लोहार म्हणाला, “भाऊंकडून पैसे? काय बोलता?”

तिने भात्याचा पंखा फिरवता फिरवता ढिगाकडे पाहिलं. लोकांचे फाळ पडलेत, पेरणी तोंडावर आहे आणि हा माणूस पत्रा कापायला बसला. पण भाऊंचं नाव निघालं की त्याच्यापुढे बोलायची सोय नव्हती. या दोघांची लेक लहान असताना तापाने फणफणली होती, डोळे फिरवले होते पोरीने. तेव्हा भाऊंनी आपली जीप दिली होती, स्वतःचा ड्रायव्हर दिला होता. लेक वाचली, शिकली, लग्न होऊन लांब गेली. आईला सही करायला तिनेच शिकवलं. तेव्हा जीप खरी होती, नाकारायची कशी? आणि वर भाऊ याला कधी घरजावई म्हणाले नाहीत. येता जाता हाक मारायचे, “काय कारखानदार, बरं आहे ना?” एवढ्या एका शब्दावर हा माणूस त्यांच्यासाठी विस्तवावरून चालला असता.

डबे झाले. एक छपराच्या खांबालाही टांगला गेला, त्यावर भाऊंचा हात जोडलेला फोटो. किल्ल्या सगळ्या भोंग्याकडे.

मग भाऊंना अटक झाली.

गावात पळापळ. दुपारी भोंगा आला तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली होता. “जामीन मंजूर झालाय, पण कोर्टाला जामीनदार पाहिजे. स्वतःच्या नावावर जागा असलेला आणि त्या जागेवर कुणाचा बोजा नसलेला.”

“मग ट्रॅक्टरवाले आहेत की,” लोहार म्हणाला. “कंत्राटदार आहेत.”

“ट्रॅक्टरवाल्याची जमीन बँकेकडे गहाण. कंत्राटदाराचं घर दोन बँकांकडे. भाऊंचं स्वतःचं तर विचारूच नका. सगळी मोठी माणसं, मिस्त्री, मोठ्या माणसाच्या कागदावर काही ना काही असतंच. अख्ख्या गावात कोरा कागद शोधला तेव्हा एकच सापडला, तुमचा.”

म्हातारी दारात बसून होती. कमी ऐकू यायचं तिला, पण नको ते नेमकं ऐकू यायचं. “कोरा असायचाच,” ती म्हणाली. “आम्हाला कधी कुणी कर्ज दिलं तर ना!”

लोहार लाजल्यासारखा हसला, पण त्याची छाती फुगलेली बायकोला दिसली. इतकी वर्षं ज्या घरावरून टोमणे खाल्ले ते घर आज गावातल्या सगळ्या बंगल्यांपेक्षा वरचढ ठरलं होतं. तिने आत बोलावून त्याला विचारलं, “अहो, जागा माझ्या नावावर आहे. त्यात आईचा जीव आहे. भाऊ कुठे गेले बिले तर?”

“कुठे जातील? आणि गेले तर परत येणार नाहीत का? जीप देताना त्यांनी विचारलं होतं का, तुमची पोर माझ्या गाडीत मेली तर?”

असले प्रश्न माणसं उत्तरासाठी विचारतच नाहीत. तिने म्हातारीच्या पेटीतून जागेचा कागद काढला.

कोर्टाची खोली लहान, पंख्याचा आवाज मोठा. बाकावर माणसं एकमेकांना चिकटून बसलेली, कुणाच्या अंगाला तेलाचा वास, कुणाच्या खिशातून पेनची शाई गळलेली. तिचा नंबर आला तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहिली. आपले काळे, भाजलेले हात त्या पॉलिश केलेल्या लाकडावर तिला कसेतरीच वाटले, म्हणून तिने ते पदराखाली घेतले.

न्यायाधीश तरुण होते, दमलेले होते, पण त्यांनी नीट विचारलं. “बाई, आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला पाहिजे. नाही राहिला तर एवढी रक्कम तुम्हाला भरावी लागेल. नाहीतर तुमची जागा जाईल. हे कळतंय का तुम्हाला?”

त्यांनी सांगितलेली रक्कम तिला कळलीच नाही, इतकी मोठी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कठड्याच्या पलीकडे उभा होता. कागद पुढे सरकवलेला. वकिलाने दाखवलेल्या जागेवर नवऱ्याने हात लांब करून बोट टेकवलं, दोनदा, टक टक.

“कळतं,” ती म्हणाली आणि सही केली. लेकीने शिकवलेली सही, एकेक अक्षर सुटं सुटं. आयुष्यभर जिथे टेकेल तिथे घातला तसाच तो घाव होता. फरक इतकाच की लोखंडावरचा घाव दिसतो, कुठे बसला आणि किती बसला.

भाऊ सुटले आणि गळ्यात हार घालून गावात आले. त्या दिवसापासून सभाच सभा. पूर्वी ते रस्ते आणि पाणी म्हणायचे, आता फक्त केस. “खटला माझ्यावर नाही,” ते माइकवर म्हणायचे, “तुमच्यावर आहे, तुमच्या प्रत्येकावर!” की लोक टाळ्या वाजवायचे आणि डबे फिरायचे. अटकेआधी डब्यात चिल्लर पडायची, अटकेनंतर नोटा पडायला लागल्या. न्हावी म्हणायचा, “याला अजून दोन केसेस लावा, म्हणजे हा विमान घेईल.” पण हळू म्हणायचा, कारण गावात आता मधला माणूस उरला नव्हता. एक तर तुम्ही भाऊंचे, नाहीतर भाऊंचे वैरी.

याचा फटका कुणाला बसला, तर भट्टीला. जे भाऊंच्या विरुद्ध होते ते एकेक येऊन आपली अवजारं उचलून न्यायला लागले. एका शेतकऱ्याचा फाळ निम्मा ठोकून झाला होता. त्याने तो तसाच गार पाण्यात बुडवला, सूंऽ असा आवाज झाला, आणि ओल्या पोत्यात गुंडाळला.

“अहो, धार व्हायचीय अजून,” ती म्हणाली.

“राहू द्या वहिनी. तुम्ही डबेच करा. मी तालुक्याला वर्कशॉपात करून घेतो.”

“आमचं काय चुकलं, सांगा तरी.”

“चुकलं काही नाही. चोराला जामीन राहिलात, एवढंच.”

तो गेला. लोहार सांडशी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग बोलला तो कुणाशीच नाही, भट्टीशी. “पेरणीनंतर परत येतील सगळे. जातात कुठे!” पण पेरणीनंतर लोहाराकडे कशाला कोण येतंय? छपराखालचा ढीग बसत बसत गेला. घण घालून खांदा दुखायचा तो आता रिकामा बसून दुखायला लागला.

पहिला कागद आला तो बेलिफाच्या हातून. बेलीफ म्हणजे कोर्टाचा माणूस, सायकलवर यायचा, तोंडाने वाईट नव्हता. “भाऊ तारखेला आले नाहीत, बाई. परत तारीख दिलीय. तुम्ही जामीनदार, तुम्ही त्यांना हजर करायचं.”

“मी हजर करायचं? भाऊंना?”

“कागदात तसंच आहे. मागच्या दोन्ही तारखांना सभा होत्या त्यांच्या.”

लोहाराने कागद पाहिला, घडी घातली, खिशात ठेवला. “मी भोंग्याला सांगतो.” त्याने सांगितलं. भोंगा म्हणाला, वकील बघतोय. दुसऱ्या वेळी म्हणाला, वकील बघतोय म्हटलं ना. तिसऱ्या वेळी त्याने लांबूनच हात दाखवला.

मग ती एकटीच उठली. भाऊंची सभा शेजारच्या बाजारपेठेत होती, कोर्टाची तारीख दुसऱ्या दिवशी. ऊन मी म्हणत होतं. चालत गेली तेव्हा चपलेचा अंगठा तुटला, तो पिनेने अडकवून पुढे गेली. म्हटलं, एक वाक्य तर सांगायचंय. भाऊ, उद्या तेवढं या. माणसाने माणसाला एक वाक्य सांगायला काय लागतं?

मंडपाच्या मागे तिला कार्यकर्त्यांनी अडवलं. एकाने विचारलं, “निधी द्यायचाय का? इकडे द्या.” दुसऱ्याने साडीसाठी आली असेल म्हणून रांगेत ढकललं. तेवढ्यात भोंग्याने पाहिलं आणि तो धावत आला. तिला वाटलं, चला, ओळखीचा माणूस भेटला. भोंग्याने तिचं मनगट धरलं, पायऱ्यांवरून वर नेलं आणि ती स्टेजवर होती. समोर माणसंच माणसं, ऊन त्यांच्या टोप्यांवर.

“ही बघा!” भाऊ माइकवर म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नेमका दुखऱ्या खांद्यावर. “ही माझी बहीण. बंगलेवाले मागे सरले, तेव्हा या घण मारणाऱ्या बाईने माझ्यासाठी आपलं राहतं घर कोर्टात ठेवलं! राहतं घर! आणि तुम्हाला खिशात हात घालताना विचार पडतो?”

टाळ्यांनी मंडप उठला. ती घाबरली, पण ज्यासाठी आली होती ते विसरली नाही. भाऊंच्या कानाशी जाऊन म्हणाली, “भाऊ, उद्या तारीख आहे. तेवढे या हो. माझी आई म्हातारी आहे.”

भाऊंनी ऐकलं. तिने त्यांचे डोळे पाहिले, त्यांनी नीट ऐकलं होतं. मग ते माइककडे वळले आणि त्यांचा आवाज दाटून आला.

“ऐकलंत का ही काय म्हणाली? म्हणते, भाऊ, घर गेलं तरी चालेल, तुम्ही मागे हटू नका!”

खाली बायकांनी डोळ्यांना पदर लावला. डबे फिरायला लागले, पत्र्यावर पैसा पडल्याचा आवाज तिच्यापर्यंत आला. ते डबे कुणी ठोकलेत ते तिला फटीच्या कडेवरून ओळखू येत होतं. ती म्हणाली, “मी असं नाही म्हटलं.” पण माइक तिच्याकडे नव्हता. माइक ज्याच्या हातात तोच बोलतो, बाकीचे नुसते ओठ हलवतात. कुणीतरी तिच्या गळ्यात हार घातला आणि तिला दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरवून दिलं.

घरी आली तेव्हा लोहार दारात उभा होता. बातमी तिच्याआधी पोचली होती. “भाऊंनी तुला स्टेजवर घेतलं? बहीण म्हणाले?” त्याचा चेहरा असा उजळलेला की तिला त्याच्यावर रागही धरता येईना.

“म्हणाले,” ती म्हणाली. “उद्या येणार नाहीत ते.”

“तसं म्हणाले का?”

“नाही.”

“मग?”

ती हार खुंटीला अडकवून आत गेली. म्हातारीने हाराकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण गेलं?”

भाऊ दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या तारखेलाही नाहीत. आणि भाऊ निवडून आले. गुलाल उधळला, भोंग्याचा घसा बसला. लोहार मिरवणुकीत नाचला, भट्टीवर कधी शिजलं नसेल एवढं अंग त्याने रस्त्यावर शिजवून घेतलं. न्हाव्याने दोन दिवस दुकान बंद ठेवलं.

मग ते दोघं कोर्टात गेले. खिडकीत कारकून बसलेला, चष्मा कपाळावर. त्याने गठ्ठा काढला, उलटा पालटा केला.

“तारखा चुकवल्या म्हणून भाऊंवर निघालेलं वॉरंट वरच्या कोर्टाने थांबवलंय. त्यांच्या वकिलाने अर्ज केला होता. त्यांचं काही नाही आता, सध्यापुरतं.”

लोहाराने सुस्कारा सोडला. “बघ, मी म्हणत होतो.”

“म्हणजे आमचं पण मिटलं?” तिने विचारलं.

“तुमचं कसं मिटेल? ते आले नाहीत तेव्हाची रक्कम तुमच्यावर बसलीच आहे. तुम्हाला नोटिसा गेल्या. तुम्ही कारण दाखवलं नाहीत.”

“कारण काय दाखवायचं? आले नाहीत, हेच कारण.”

“ते कारण त्यांचं झालं, बाई. तुमचं नाही. त्यांनी अर्ज केला, सुटले. तुमचा अर्ज कुठे आहे?”

“वकील भाऊंचा होता ना,” लोहार म्हणाला.

“भाऊंचाच होता,” कारकून म्हणाला आणि चष्मा खाली घेतला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तेही इथे खरं नव्हतं. संन्याशाने निदान घर तरी आधीच सोडलेलं असतं.

तिथून ते भाऊंच्या घरी गेले. भाऊ राजधानीला. भोंगा होता, नव्या खुर्चीत. लोहाराने आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. “निधी जमला होता ना खटल्यासाठी. त्यातून आमचं तेवढं भरा.”

“तो निधी निवडणुकीचा, मिस्त्री. संपला. हिशेब पक्षाकडे.”

“डब्यावर तर ‘अन्यायाविरुद्ध’ लिहिलं होतं.”

“मग? अन्याय हरला की नाही?” भोंगा म्हणाला. मग आवाज खाली करून, “भाऊ आले की बघू. तुम्ही आपली माणसं. आपल्या माणसांनी असं दारात येऊन मागायचं नसतं, बरं दिसत नाही.”

परतीच्या वाटेवर लोहार तिच्या मागे चालत होता. एरवी तो पुढे चालायचा. तिला त्याच्या पावलांचा आवाज येत होता. घरी आल्यावर त्याने खांबावरचा डबा काढला, भाऊंचा फोटो न फाडता नीट सोलून बाजूला ठेवला आणि पत्रा भंगारात टाकला. फोटोचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी तो त्याने म्हातारीच्या पेटीमागे उभा करून ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

सकाळी एक माणूस कुदळ घेऊन आला. फार दिवसांनी काम. तिने भट्टी पेटवली, पंखा फिरवला, कोळसे फुलले. लोहाराने कुदळीचं पातं तापवलं, ऐरणीवर घेतलं आणि हातोडा टेकवला. तिने घण घातला. टक, धाड. टक, धाड. थोडा वेळ दोघांना बरं वाटलं. अंग कामाला लागलं की डोकं जरा गप्प बसतं.

तेवढ्यात सायकल थांबली. बेलिफासोबत आणखी एक जण होता, हातात मोजायची टेप. त्याने काही न विचारता छपराच्या खांबाला टेपचं टोक लावलं आणि मागे मागे चालत निघाला, अंगण, पायरी, भिंत. बेलीफ म्हणाला, “चालू द्या, चालू द्या. आम्ही आपलं मोजतो फक्त.”

लोहाराने पाहिलं. टेप त्याच्या पायांजवळून सरपटत गेली. घण वर गेला होता. त्याने कुदळ सांडशीसकट मागे ओढली आणि हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला.

तिने आडवा हातोडा पाहिला. कोर्टाच्या कठड्याशी उभी राहिल्यापासून ती ज्याची वाट बघत होती तो. पण घण वर गेला होता. हातोड्यावर आणि त्याच्या बोटांवर पडू नये म्हणून तिने अंग पिळून तो बाजूला घेतला, आणि घण उघड्या ऐरणीच्या कडेवर बसला. आवाज असा झाला की न्हावी दुकानातून बाहेर आला. घण हातातून सुटला. तिचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत मेल्यासारखा लोंबायला लागला.

“लागलं का?” लोहार म्हणाला. “अगं, लागलं का? माझं लक्ष... मला उशीर झाला.”

ती खाली बसली. म्हातारी दारातून जावयाकडे बघत होती. या वेळी ती काही म्हणाली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

टेपवाल्याने आकडे सांगितले, बेलिफाने लिहून घेतले. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने कागद मांडीवर धरला. “मोजणी झाल्याची सही लागते, बाई. जागा तुमच्या नावावर, तुमचीच लागेल. येते ना सही?”

“येते,” ती म्हणाली. तिने पेन घेतलं. बोटं मिटेनात. पेन कागदावर पडलं, तिथून मातीत. तिने पुन्हा उचललं, डाव्या हाताने उजव्या हातात ठेवलं, पुन्हा पडलं. लेकीने किती दुपारी बसून शिकवली होती ती अक्षरं. एकही निघेना.

“राहू द्या,” बेलीफ म्हणाला. “अंगठा चालतो.” त्याने पिशवीतून शाईची डबी काढली, झाकण उघडलं. तिने डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदाकडे पाहिलं. बारीक अक्षरांच्या ओळीच ओळी, मधे कुठेतरी रिकामी जागा.

सवयीने तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं बोट उठलं होतं. कागदाच्या दिशेने थोडंसं आलंही. मग ते थांबलं आणि परत मुठीत गेलं. त्याने तोंड भट्टीकडे फिरवलं.

“इथे,” बेलिफाने जागा दाखवली.

तिने अंगठा तिथे लावला.